गॅलरीतून दिसलेला हात

संघमित्रा : तू घरातल्या चपलेवरच आलीस मुलुंडहून?

शीतल : लक्षातच नाही आलं, ताई. बसमध्ये बसल्यावर खाली बघितलं. म्हटलं जाऊ दे, आता परत कोण जाणार.

संघमित्रा : बस. पाणी घे आधी. किरणला सांगून निघालीस ना?

शीतल : नाही. तो खाली पार्किंगमध्ये होता. मीटिंग संपली, चहा फिरायला लागला, तेवढ्यात मी जिना उतरले आणि मागच्या गेटने बाहेर पडले. माहेरी जाणार होते. मग वाटलं, आईला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. तेवढी ताकद नाहीये आज.

संघमित्रा : मला पण पहिल्यापासूनच सांगावं लागेल. तीन महिने मी लेकाकडे, निहारकडे होते, फोनवर तुम्ही लोक सगळं छान आहे म्हणायचात. जा, आधी तोंड धुऊन ये. मग सांग, मीटिंग कसली?

शीतल : पाळणाघराची. माझ्या पाळणाघराची. सोसायटीने ठराव आणला, राहत्या घरात पाळणाघर, शिकवणी, क्लास असलं काही चालवायचं नाही. पहिल्या मजल्यावर डॉक्टरांचा दवाखाना आहे, तो राहिला. तो व्यवसाय. माझं ते धंदा.

संघमित्रा : आणि झाला ठराव?

शीतल : झाला. महिनाभराची मुदत दिलीय.

संघमित्रा : तू काही बोलली नाहीस?

शीतल : मी बसूच शकले नाही तिथे. फ्लॅट एकट्या किरणच्या नावावर. मी खुर्ची घेऊन खाली गेले तर सेक्रेटरी आहेत ना, अनंतकाका, ते म्हणाले, वहिनी, सभासदांनीच बसायचं, एका घराचं एकच मत असतं. नीट बोलले हं. उगाच खोटं कशाला सांगू. खुर्ची पण त्यांनीच वर नेऊन दिली.

संघमित्रा : बायका कोणी नव्हत्या?

शीतल : होत्या की. ज्यांच्या नावावर घर आहे त्या होत्या. माधुरीताई होत्या समोरच्या. मी किरणला मागे दोनदा म्हटलं होतं, माझं पण नाव लावून घे. तो म्हणायचा, करू गं, घाई काय आहे. मी पण मागे लागले नाही. दिवसभर पोरं सांभाळून संध्याकाळी कसली नावं न् गावं.

संघमित्रा : मग किरण बोलला असेल ना तुझ्या बाजूने.

शीतल : काल जेवताना म्हणाला होता, तू टेन्शन घेऊ नकोस, मी आहे ना, मी बोलतो. मी त्याच भरवशावर गॅलरीत जाऊन उभी राहिले. आमच्या गॅलरीतून पार्किंग सरळ खाली दिसतं. मुलांची दुपटी वाळत होती, ती काढायच्या निमित्ताने उभी राहिले. आधी तक्रारी झाल्या. दुपारी झोपमोड होते, लिफ्ट अडून राहते, कचऱ्यात लंगोट सापडतात. ते सगळं मला मान्य आहे, ताई. मुलं आहेत, आवाज होणारच. मग मागून कोणीतरी म्हणालं, कुठली कुठली मुलं येतात, कोणाची आहेत, कुठून येतात, आपल्याला काय माहीत.

संघमित्रा : हं.

शीतल : तुम्हाला कळलं ना?

संघमित्रा : कळायला काय झालं. आयुष्य गेलं ते ऐकण्यात. पुढे सांग.

शीतल : पुढे काही नाही. मी वाट बघत होते, आता किरण उठेल. किरण फोन बघत होता. मग काका म्हणाले, ठरावाच्या बाजूने असतील त्यांनी हात वर करा. इकडून तिकडून हात वर गेले. किरणने फोन खिशात ठेवला. आणि हात वर केला.

संघमित्रा : किरणने?

शीतल : किरणने. कोणी बघू नये असा अर्धवट नाही. पूर्ण वर.

संघमित्रा : तू नीट बघितलंस? दुसरा कोणी असेल.

शीतल : ताई, निळा चौकड्यांचा शर्ट. सकाळी मीच इस्त्री केलेला.

संघमित्रा : त्याच्या एका मताने गेलं की काय?

शीतल : तसं असतं तर निदान मला राग तरी आला असता. विरोधात तिघंच होते. माधुरीताई आणि तिसऱ्या मजल्यावरचं म्हातारं जोडपं. त्यांचे दोन फ्लॅट आहेत, एकेकाच्या नावावर. किरणने हात वर केला नसता तरी ठराव पास झालाच असता. म्हणून तर मला समजत नाही. गरजच नव्हती.

संघमित्रा : माझा भाऊ आहे तो. चहा टाकते.

शीतल : नको. तुम्ही बसा. गुडघा दुखतोय तुमचा, येताना दारात बघितलं मी.

संघमित्रा : त्याला आता दुखण्याशिवाय काम नाही. शीतल, मला ना एकदम मार्था आठवली.

शीतल : कोण मार्था?

संघमित्रा : निहारची घरमालकीण. स्वित्झर्लंडची. निहार वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, ती खाली एकटी. पंच्याऐंशीच्या पुढची असेल, पण पाठ सरळ. तरुणपणी इंग्लंडात एका हॉटेलात कामाला होती म्हणून इंग्रजी बोलायची. माझं हॉस्पिटलमधलं इंग्रजी आणि तिचं हॉटेलमधलं, आमचं जमलं. निहारचं बाळ झोपलं की ती वर यायची, भरतकाम घेऊन. तिकडच्या बायका पूर्वीपासून घरोघरी रुमालांवर भरतकाम करून द्यायच्या, ही अजून करते. मी नुसती बसून बघायची.

शीतल : तिचं काय?

संघमित्रा : एकदा कशावरून तरी मतदानाचा विषय निघाला. मी म्हटलं, माझी आजी जालन्याकडच्या खेड्यातली, सही येत नव्हती, पण देशातल्या पहिल्या निवडणुकीला लुगडं नेसून मत देऊन आली होती. मार्थाने सुई थांबवली. मला म्हणाली, कुठल्या साली? मी म्हटलं, बावन्न धर. तिने भरतकाम बाजूला ठेवलं. मग विचारलं, तुमच्या बायकांना त्यासाठी काय करावं लागलं? मी म्हटलं, बऱ्याच बायका मागत होत्या आधीपासून, पण माझ्या आजीला विचारशील तर ती एकच नाव सांगायची. बाबासाहेबांनी दिलं. तिला सगळं त्यांच्याकडूनच आलंय असं वाटायचं. आणि बरंचसं आलं पण होतं.

शीतल : आणि त्यांना कधी मिळालं?

संघमित्रा : एकाहत्तर साली.

शीतल : एकोणीसशे? स्वित्झर्लंडमध्ये?

संघमित्रा : मला पण हसूच आलं होतं. मला वाटायचं गोऱ्या बायकांना सगळं आपल्या आधी मिळालेलं असणार. तिथे कसं, मोठी गोष्ट ठरवायची तर लोकांनाच मत विचारतात. आणि लोक म्हणजे पुरुष. तर बायकांना मत द्यायचं की नाही, हे पुरुषांनी मत देऊन ठरवायचं. एकोणसाठ साली विचारलं, दर तिघांतल्या दोघांनी नाही म्हटलं. बारा वर्षांनी परत विचारलं, तेव्हा हो म्हणाले.

शीतल : बायकांना कोणी विचारलंच नाही?

संघमित्रा : बायकांना मत नव्हतं ना. विचारणार कसं.

शीतल : अनंतकाका तिकडचेच निघाले मग.

संघमित्रा : ऐक, पुढे आहे. एकाहत्तरला देशाच्या निवडणुकीचं मिळालं. पण ते ज्या भागात राहतात, अपेन्झेल म्हणतात, डोंगरातलं, आपल्या एखाद्या तालुक्याएवढं पण नाही, त्याचा कारभार वेगळा. तिथे दर एप्रिलमध्ये एका रविवारी चौकात सगळे पुरुष जमतात, कमरेला तलवार लावून. खरी तलवार, बापाकडून मुलाकडे आलेली. ती असली की चौकात घेतात. आणि हात वर करून सगळं ठरवतात. रस्ता, कर, शाळा, सगळं. बायकांनी चौकाभोवती बांधलेल्या दोरीच्या बाहेर उभं राहायचं नाहीतर खिडकीतून बघायचं.

शीतल : एकाहत्तरनंतर पण?

संघमित्रा : नव्वदपर्यंत. मी तेव्हा नर्सिंगला होते, हॉस्टेलवर टीव्ही आला होता. देशासाठी मार्थाला मत होतं, गावासाठी नव्हतं. चौकात विचारायचे, बायकांना घ्यायचं का, आणि पुरुष नाही म्हणायचे. म्हणे घराचं एक मत पुरे, नवरा देतो ते बायकोचंच असतं. म्हणे बायकांना त्रास कशाला द्यायचा.

शीतल : तिचा नवरा पण?

संघमित्रा : तेच सांगतेय. योसेफ नाव त्याचं. दुधाचा धंदा, दहा-बारा गाई. वाईट माणूस नव्हता, शीतल. तीच म्हणायची, त्याला वाईट म्हणू नकोस. एका हिवाळ्यात हिला न्युमोनिया झाला तर त्याने महिनाभर गाई पण बघितल्या, पोरं पण बघितली, हिचं अंथरूण पण बदललं. त्या काळातला पुरुष. हिने त्याच्याकडे कधी काही मागितलं नाही. एकदाच मागितलं. नव्वद सालच्या आधीच्या थंडीत. दोघं बटाटे सोलत बसली होती, तेव्हा म्हणाली, या वेळी परत विचारणार आहेत, माझ्यासाठी हात वर करशील? तो म्हणाला, करीन.

शीतल : एवढंच?

संघमित्रा : एवढंच. ती म्हणाली, त्या थंडीत मला घर गरम वाटायचं.

शीतल : मग?

संघमित्रा : मग एप्रिलचा तो रविवार आला. हिने त्याचा कोट झटकला, तलवार पुसून दिली. तो गेला. चौकात एका मैत्रिणीची बेकरी होती, तिच्या वरच्या खिडकीत ही जाऊन उभी राहिली. खाली हजारो पुरुष, सगळ्यांचे काळे कोट. मी विचारलं, त्यात तुला नवरा दिसला कसा? तर योसेफचा उजवा खांदा गाईने लाथ मारून मोडलेला, तो हात वर जायचा नाही. म्हणून तो नेहमी डावा करायचा. सगळे उजवे हात आणि मधे एक डावा. लगेच ओळखू यायचा.

शीतल : ताई, मला नका सांगू.

संघमित्रा : बरं. नाही सांगत.

शीतल : नाही, सांगा. अर्धवट नको.

संघमित्रा : आधी विचारलं, बायकांना घ्यायचं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. ही डावा हात शोधत राहिली. नव्हता. तिला वाटलं, गर्दीत दिसत नसेल. मग विचारलं, ज्यांना नको वाटतं त्यांनी. तर डावा हात वर. मैत्रीण शेजारी उभी होती, तिने पण बघितलं. ती पाव बघायला खाली निघून गेली.

शीतल : बिचारी.

संघमित्रा : मार्था घरी आली, सूप गॅसवर ठेवलं. तो आला. कोट खुंटीला लावला, तलवार कपाटात ठेवली, टेबलाशी बसला आणि म्हणाला, आपण हरलो, मार्था.

शीतल : आपण?

संघमित्रा : आपण. ती मला म्हणाली, त्याने नको म्हणून हात वर केला ते मी कधीतरी पचवलं असतं. सगळेच करत होते, त्याचे भाऊ, त्याचा पाद्री. पण तो आपण म्हणाला. तो शब्द काही गिळता आला नाही.

शीतल : मग ती काय म्हणाली त्याला?

संघमित्रा : सूप वाढलं.

शीतल : आणि नंतर?

संघमित्रा : नंतर पण काही नाही. त्याच वर्षी काही बायका कोर्टात गेल्या होत्या, देशातल्या मोठ्या कोर्टाने हिवाळ्याच्या तोंडाशी सांगितलं, आता पुरुषांना विचारायचंच नाही, बायका येणार. पुढच्या एप्रिलला ही पण गेली चौकात. दोरीच्या आत. योसेफने हिचं कोपर धरलं होतं, फरशीवर पाय घसरू नये म्हणून. ओळखीच्यांना कौतुकाने सांगत होता, ही आलीय बघा आमची. कुठल्या तरी रस्त्याचा विषय होता, हिने हात वर केला. मी म्हटलं, कसं वाटलं? ती म्हणाली, हात वर गेला, पण आनंद नाही झाला. शेजारी तो उभा होता ना. डावा हात वर करून.

शीतल : तो कधी गेला?

संघमित्रा : दहा-बारा वर्षं झाली असतील. म्हणजे त्या रविवारनंतर वीस-बावीस वर्षं एकत्र काढली. भांडण नाही, आदळआपट नाही. मुलांना वाटायचं, आईबापांचं किती छान आहे. पण ती मला म्हणाली, त्या सूपनंतर मी त्याला खरं असं काही सांगितलंच नाही. हवा कशी आहे, गाय कधी विणार, तेवढंच. मधे छातीत गाठ लागली तिला. बहिणीकडे जाते सांगून एकटी हॉस्पिटलमध्ये गेली, तपासणी करून घेतली, बसने परत आली. गाठ साधी निघाली. त्याला कळलंच नाही. मी सिस्टर आहे, शीतल, असल्या गाठीचा रिपोर्ट येईपर्यंत माणसाचं काय होतं ते मी रोज बघितलंय. ते तिने एकटीने काढलं, आणि शेजारी नवरा झोपलेला.

शीतल : शेवटी तरी विचारायचं.

संघमित्रा : शेवटी त्यानेच विचारलं. अंथरुणाला खिळला होता तेव्हा म्हणाला, तुला काही बोलायचंय का? हिने उशी नीट केली आणि नाही म्हणाली. मला म्हणाली, सवय झाली होती गप्प राहायची, ती मोडायला आता अंगात जोर नव्हता.

शीतल : तुम्ही काय बोललात तिला?

संघमित्रा : बाळ उठलं, मी दूध गरम करायला गेले.

शीतल : मला का सांगितलंत हे? मी गप्प बसू नये म्हणून?

संघमित्रा : नाही गं. शिकवायला नाही सांगितलं. किरणला मी वाढवलंय. आई साफसफाईच्या कामाला जायची, तो माझ्या कमरेवर असायचा. तू बोलत होतीस तेव्हा पोटातून एकच येत होतं, त्याची काहीतरी बाजू असेल. आणि ती बाजू मला मांडता येईना. म्हणून दुसऱ्याच कोणाचं सांगत बसले.

शीतल : बरं केलंत.

संघमित्रा : फोन वाजतोय तुझा मगाचपासून.

शीतल : त्याचाच आहे. कुठे आहेस, जेवलीस का, असे मेसेज. मीटिंगबद्दल एक शब्द नाही.

संघमित्रा : मी कळवलंय त्याला. तू तोंड धुवायला गेलीस तेव्हा. रागावू नकोस, पोरगा घाबरला असता. निघालाय तिकडून.

शीतल : रागवायला पण जोर लागतो, ताई. मला भीती वेगळीच वाटतेय.

संघमित्रा : कसली?

शीतल : तो येईल आणि सांगेल, मी खूप बोललो गं, पण त्यांनी ऐकलं नाही. आणि मी म्हणेन, असू दे, जेवून घे. मी म्हणेनच. इतकी दमलेय मी की तो आपण हरलो म्हणाला तर हो म्हणून मोकळी होईन. उद्या चंपा येईल मुलीला सोडायला, तिला हॉस्पिटलात सात वाजता हजर व्हायचं असतं, तिच्यासाठी मी पाचला उठते. कोणाकोणाशी भांडू? खालच्यांशी, घरातल्याशी? एखाद्या ठिकाणी तरी माणसाने टेकायला नको का?

संघमित्रा : टेक ना. इथे टेक. आज इथेच झोप हवं तर.

शीतल : पाळणाघर काय, भांडुपला खोली बघेन तळमजल्यावर. चंपाच म्हणत होती, तिच्या गल्लीत मिळेल. त्याचं एवढं नाही.

संघमित्रा : मला माहीत आहे त्याचं नाही.

शीतल : रिक्षा थांबली वाटतं खाली.

संघमित्रा : तोच असेल. मी आत जाऊ?

शीतल : नको. तुम्ही इथेच बसा.

(दार उघडंच आहे. किरण उंबऱ्याशी चपला काढतो. हातातल्या पिशवीत शीतलच्या बाहेर घालायच्या चपला आहेत.)

किरण : तुझ्या चपला राहिल्या होत्या.

शीतल : ठेव तिथे.

संघमित्रा : ये, बस. पाणी देऊ?

किरण : नको, ताई. शीतल, चल, घरी जाऊ. आई-बाबांना वगैरे काही बोलली नाहीस ना?

शीतल : मीटिंगचं काय झालं?

किरण : झाली.

शीतल : काय ठरलं?

किरण : ठराव पास झाला. महिन्याची मुदत दिलीय. मी बघतो काहीतरी.

शीतल : तू बोललास?

किरण : ताई, जरा आम्हाला दोघांना...

शीतल : ताई इथेच बसणार आहेत. तू बोललास का, किरण?

किरण : नाही.

संघमित्रा : हळू बोललास तरी चालेल, पण बोल.

किरण : नाही बोललो. आणि हात वर केला. ठरावाच्या बाजूने. तू बघितलंस, शीतल. तुला माहीत आहे आणि तू मला विचारतेयस.

शीतल : मी बघितलं हे तुला कसं कळलं?

किरण : मी वर बघितलं होतं. तू दुपटी काढत होतीस.

शीतल : हात वर करायच्या आधी बघितलंस की नंतर?

किरण : आधी.

संघमित्रा : आधी बघितलंस आणि मग केलास?

किरण : हो.

शीतल : का?

किरण : मला नाही सांगता येणार.

शीतल : सांग. कसंही सांग. मी भांडणार नाहीये, माझ्यात तेवढं उरलेलं नाही. पण काहीतरी खरं सांग.

किरण : अकरा वर्षं झाली आपल्याला त्या बिल्डिंगमध्ये. कधी कोणी मला मीटिंगला पुढे बसायला सांगितलंय? आज अनंतकाका स्वतः म्हणाले, किरणभाऊ, असे मागे काय, इथे या. खुर्ची सरकवली. खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, आपल्या वहिनींचा प्रश्न आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचं हित बघायचं. मग मागून ते बोलणं आलं. कुठली कुठली मुलं.

शीतल : ऐकलं मी.

किरण : मला कळलं ते कोणाबद्दल आहे. मुलांबद्दल नव्हतं ते. मला उठायचं होतं. खरंच. पण मी उठलो असतो तर मी परत तोच झालो असतो. हा बघा, हे लोक असेच, लगेच लागतं यांना. ऑफिसात पण तेच, बिल्डिंगमध्ये पण तेच. दर वेळी मीच एकटा उभा राहणारा. मग हात वर जायला लागले. सगळ्यांचे. मी वर बघितलं, तू होतीस. आणि मला वाटलं, एकदा, फक्त एकदा, सगळ्यांबरोबर माझा पण हात वर असू दे. बाकी काही नाही. ठराव काय होता ते पण त्या वेळी डोक्यात नव्हतं.

संघमित्रा : आणि झालास त्यांच्यातला?

किरण : नंतर चहा दिला. कागदी कपात. मी कप हातात घेतला आणि आधी सगळ्यांच्या हातात बघितलं. सगळ्यांना कागदीच होते, ताई. पण मी बघितलं. ती सवय काही गेली नाही.

संघमित्रा : अरे किऱ्या.

किरण : मग वर आलो तर तू नव्हतीस. दुपटी घडी करून ठेवलेली.

शीतल : रिक्षात काय ठरवलं होतंस? मला काय सांगणार होतास?

किरण : सांगणार होतो की मी बोललो, पण ऐकलं नाही कोणी.

शीतल : मग का नाही सांगितलंस?

किरण : तू विचारलंस ना, बोललास का म्हणून. असं विचारलंस की मला हो म्हणता आलं नाही.

संघमित्रा : बरं झालं. कुणीतरी विचारायला हवं होतं.

किरण : कुणाला?

संघमित्रा : काही नाही. तुझ्याबद्दल नाही बोलत मी.

किरण : शीतल, काहीतरी बोल. ओरड तरी.

शीतल : मला रडू येईल असं वाटलं होतं. ते पण येत नाहीये. तू जे सांगितलंस ते मला समजलं, किरण. वाईट आहे की मला ते नीट समजलं. मी पण कप बघते. मी पण त्याच बिल्डिंगमध्ये राहते अकरा वर्षं. फक्त मला खाली बसायला खुर्ची नव्हती आणि तुला होती.

किरण : मी उद्याच तुझं नाव लावायचं बघतो. अनंतकाकांना भेटून ठराव पण परत...

शीतल : नाव लाव. ठरावाचं राहू दे. मला त्या मुलांना आता तिथे ठेवायचंच नाही.

किरण : मग मी काय करू? सांग ना. तू सांगशील ते करतो.

शीतल : आज मी इथे झोपणार आहे. तू घरी जा. उद्या ऑफिसला उशिरा जा. सकाळी मुलं यायला लागतील, दार तू उघड. चंपा असेल, बाकीच्या आया असतील. त्यांना सांग, महिन्याभरात बंद होणार, दुसरी सोय बघावी लागेल.

किरण : त्या विचारतील का म्हणून. काय सांगू त्यांना?

शीतल : आत्ता मला सांगितलंस, तेच.